एका ‘ळ’साठी म्हसावदपर्यंत

लेख तयार होता, हीच खरी अडचण होती. तयार लेख घेऊन पुरावे शोधायला निघालेल्या माणसाला पुरावे नको असतात, शाबासकी हवी असते. मी तशीच निघाले होते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, चिपळूणहून नंदुरबारला. सोबत एक पातळ फाइल, दोन स्वेटर आणि कोकमाची बाटली. बाटली नवऱ्यानं आग्रहानं दिली. खानदेशात तुझं पोट टिकणार नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

फाइलीत काय होतं ते आधी सांगते. एक जपानी कथा आहे, जेमतेम आठ पानांची. डोंगरातल्या गावातली मुलगी खालच्या शहरात सूतगिरणीत कामाला असते. नव्या वर्षाला चार दिवस घरी येते. घरात आई एकटी. आई रोज विचारते, ‘कधी निघणार?’ आणि मुलगी काहीतरी दुसरंच बोलते. शेवटच्या पानावर मुलगी उंबऱ्यावर बसून जोड्याचे बंद बांधते आहे, बाहेर बर्फ आहे, आई आतून पुन्हा तेच विचारते. मुलगी बाहेर बघते आणि एकच शब्द बोलते. कथा संपली.

इंग्रजी भाषांतरात तो शब्द ‘उद्या’ या अर्थाचा आहे. म्हणजे ती बंद सोडणार, अजून एक दिवस राहणार. मराठीत ही कथा साठेक वर्षांपूर्वी पुण्याच्या एका दिवाळी अंकात आली होती. तिथं छापलंय, ‘सकाळ.’ म्हणजे उजाडलं, आता निघायला हवं. एका शब्दानं मुलगी घरात राहते, दुसऱ्यानं घराबाहेर पडते.

अनुवादित कथांवरच्या एका संग्रहासाठी मी यावर लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं: ‘इथे अनुवादकाची सपशेल चूक झाली आहे, कै. सुकलाल गुरुजी हे खानदेशातले प्राथमिक शिक्षक होते आणि प्रमाण मराठीवरची त्यांची पकड कच्ची असावी.’ तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं की असली वाक्यं हातून आपोआप उतरतात. संग्रहाचे संपादक मात्र चिवट निघाले. म्हणाले, ‘बाई, चूक म्हणताय तर साधनं दाखवा. हस्तलिखित, पत्रं, काहीतरी. नाहीतर ते वाक्य काढा.’ वाक्य काढायची माझी तयारी नव्हती. दिवाळी अंकात गुरुजींच्या नावाखाली ‘तळोदा’ एवढंच होतं, म्हणून मी तळोद्याला निघाले.

नंदुरबार

गाडीतून उतरल्यावर पहिली शिंक आली आणि मग थांबेचना. गावाबाहेर मोकळ्या रानात मिरची वाळत घातली होती, नजर पोचेल तिथपर्यंत लाल. आमच्याकडे अंगणात आमसुलं वाळतात, फार तर सुकट. इथं मिरच्यांचीच शेतं पसरलेली, आणि बायका तोंडाला फडकं बांधून त्यांत वाकून मिरची निवडत होत्या. त्यांच्यातल्या एकीनं मला शिंकताना बघून दुसरीला काहीतरी सांगितलं आणि दोघी पोट धरून हसल्या. मीही हसले, कारण तोंड उघडं ठेवायला तेवढंच निमित्त होतं.

संध्याकाळी शेवभाजी मागवली. रस्सा बघूनच मी कोकमाची बाटली टेबलावर काढून ठेवली. वाढणारा म्हणाला, ‘ताई, हाई काय शे? शरबत?’ सांगितल्यावर त्यानं बाटली उचलून उजेडात धरून बघितली आणि एक भाकरी जास्तीची ठेवून गेला. ती भाकरीच शेवटी कामाला आली.

तळोदा

तळोद्याला पोचायला दुपार उलटली. गावामागं सातपुडा सरळ उभा आहे, गल्लीच्या टोकाला कुणी भिंत घालावी तसा. जुन्या वाचनालयात गेले तर तिथले छोटूभाऊ कुलूप लावत होते. पन्नाशीचा हसरा माणूस, गळ्यात मफलर. मी घाईघाईनं काम सांगितलं.

‘आते बंद व्हई ऱ्हायनं ना ताई,’ ते म्हणाले. ‘सकाय या.’

सकाळी या, असं मी ऐकलं. माणूस उत्साही दिसतोय, लवकर उघडत असेल. दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी वाचनालयाच्या पायरीवर हजर. थंडी अशी की दोन्ही स्वेटर एकावर एक चढवले तरी दात वाजत होते. कोकणात आम्ही ज्याला थंडी म्हणतो ती इथं कुणी मोजणार नाही. समोर डोंगरातल्या पाड्यांकडे जाणाऱ्या जीप भरत होत्या. आत माणसं, टपावर माणसं, मागच्या शिडीवर माणसं आणि एका बाईच्या मांडीवर पिशवीत बसवलेली कोंबडी. आठ वाजले, नऊ वाजले. चहाच्या गाडीवाल्याला शेवटी माझी दया आली. त्यानं चहा दिला आणि सांगितलं, ‘माय, ते अकरा वाजता उघडस. रोजनं शे.’

अकराला छोटूभाऊ आले. मला पायरीवर बघून चकित झाले. ‘तुम्ही कव्हय उनात?’

‘पावणेसातला! तुम्हीच सकाळी या म्हणालात.’

‘मी तं सकाय सांगं व्हतं,’ ते गोंधळून म्हणाले.

‘तेच ना मग?’

‘हा, तेच,’ ते म्हणाले आणि त्यांनी मला उन्हात खुर्ची आणून दिली. भांडण कशावरून आहे हे दोघांनाही कळलं नव्हतं, त्यामुळं ते तिथंच मिटलं. मी मात्र मनात ठरवून टाकलं की इथल्या लोकांना वेळेचं काही नाही. तेवढी चिडचिड माझ्यात अजून शिल्लक होती.

गुरुजींचं आणखी काही छापलेलं मिळेल म्हणून दिवाळी अंकांचं कपाट उघडलं तर तळाच्या दोन फळ्यांवर मातीच होती. ‘जुना अंक वाळवीनी वाची टाकात ताई,’ छोटूभाऊ म्हणाले. मी फाइल मिटली. एवढ्या लांबून येऊन हात हलवत परत जायचं, या विचारानं मला रडूच यायचं बाकी होतं. निघता निघता सहज विचारलं, ‘कैलासवासी सुकलाल गुरुजींच्या घरचं कुणी इथं आहे का हो?’

छोटूभाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की मीच गेले की काय असं मला वाटलं. ‘ते तं जिवत शेत ना! म्हसावदले ऱ्हातस. मागला हप्तामा फोनवर बोलनूत आम्ही.’

म्हसावद

तळोद्यापासून म्हसावदच्या वाटेवर दोन्हीकडे पपई, केळी, ऊस. एवढ्या पपया मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. झाडाला लगडलेल्या पपया कागदात गुंडाळलेल्या, उन्हानं डागाळू नयेत म्हणून. आमच्याकडे परसातलं पपईचं झाड आपसूक उगवतं आणि फळ कावळा खातो, त्याला कागद कोण गुंडाळतं?

गुरुजी ओट्यावर ऊन खात बसले होते. ब्याऐंशी वय, बारीक अंग, कानटोपी, हातात भिंग आणि भिंगाखाली वर्तमानपत्र. मी नाव सांगितलं, कथेचं सांगितलं. एकदम त्यांचा चेहरा उजळला. ‘हिराभाऊची कथा!’ ते म्हणाले आणि आत वळून ओरडले, ‘आयकस का? हिराभाऊनी कथा इचाराले कोकनथीन बाई उनी शे!’

आतून त्यांच्या बायको आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, हाताला पीठ. मी त्यांना काकू म्हटलं. ‘काकू कसाले? माय म्हन,’ त्या म्हणाल्या आणि परत चुलीकडे गेल्या.

गुरुजी माझ्याशी शाळेतली स्वच्छ मराठी बोलत. मधेच गडबडले, हसले किंवा चिडले की अहिराणीत उतरत. ‘काय लिहिलंय माझ्याबद्दल? वाचू द्या,’ त्यांनी हात पुढं केला. मी म्हटलं, कच्चं आहे, मीच वाचून दाखवते. म्हणाले, ‘चाळीस वर्षं कच्चंच वाचत आलोय.’ लेख त्यांच्या हातात गेला. भिंग ओळीओळीवरून सरकू लागलं आणि माझे कान तापू लागले. भिंग थांबलं.

‘ताई,’ ते म्हणाले, ‘मी कै. कव्हय व्हयनू? माले कोनी सांगं नही.’

आतून आवाज आला, ‘काय व्हयनं?’

‘काही नही! ताईस्नी माले वर धाडी दिना!’

‘जेवाडीसन धाडा म्हना,’ माय म्हणाल्या. ‘सयपाक व्हई गया.’

मी हसले खरी, पण भिंग पुढं सरकलं होतं. ‘पकड कच्ची असावी’ या शब्दांवरून ते सावकाश गेलं आणि परत मागं आलं. गुरुजींनी लेख घडी करून माझ्या हातात दिला. ‘असेलही,’ एवढंच म्हणाले. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. समोर बसलेल्या माणसाबद्दल असं वाक्य कुणी लिहील का? तो हयात नाही असं धरून चालले होते म्हणून लिहिलं होतं.

जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ताटात एका कडेला हिरवी चटणी. कोथिंबीर समजून मी बोटभर भाकरीवर घेतली. तो मिरचीचा ठेचा होता. डोळ्यांतून धारा लागल्या, कानात गुणगुणू लागलं. माय तांब्या घेऊन धावल्या, गुरुजी गूळ घेऊन. ‘हाई तं पोरेसोरे खातस,’ माय खऱ्या काळजीनं म्हणाल्या. मग त्यांनी माझं कोकम चाखलं, तोंड वाकडं केलं आणि ‘आंबट शे’ म्हणून बाटली मला परत दिली. फिट्टंफाट झाली.

जेवणानंतर गुरुजींनी पत्र्याची पेटी काढली. शाळेचं एक जुनं हजेरीपत्रक होतं. पुढची पानं पोरांच्या हजेरीची आणि मागून उलटी सुरू केलेली ती कथा. पेन्सिलीनं, एकसारख्या अक्षरात. ज्यासाठी मी आले होते ते हेच. मी शेवटचं पान उघडलं. आई विचारते. मुलगी बाहेर बघते. आणि मग एक शब्द, एका ओळीत एकटाच: ‘सकाय.’

‘सकाय म्हणजे काय, गुरुजी?’

‘उद्या.’

‘आणि सकाळ?’

‘तीबी सकायच. आमच्याकडे दोन्हीला एकच शब्द.’

तळोद्याची पायरी, चहाची गाडी आणि छोटूभाऊंचा गोंधळलेला चेहरा एकदम डोळ्यांपुढं आला. त्यांनी ‘उद्या या’ म्हटलं होतं! वेळेचं काही नाही ते मलाच नव्हतं. पण ते जाऊ दे. पुण्यात कुणीतरी मुद्रितं तपासताना ‘सकाय’ हे खेडवळ उच्चाराचं ‘सकाळ’ समजून त्यात ‘ळ’ घातला होता. इथं शाळेची शाया होते आणि काळ्याचं काया, तेव्हा सकायची सकाळ केली की काम झालं. ‘उद्या’ मेला आणि नुसती पहाट उरली. चूक गुरुजींची नव्हतीच. ती माझ्यासारख्याच कुणाची तरी होती.

गुरुजी सांगू लागले. ते पहिल्या नेमणुकीवर खापरजवळच्या शाळेत होते, टपाल तळोद्यावरून यायचं. तेव्हा तिथं जपानी पद्धतीची भातशेती शिकवायला हिरोशी नावाचा तरणा जपानी माणूस आला होता. गावानं त्याचा हिराभाऊ करून टाकला. लावणीनंतर कामं कमी झाल्यावर तो गुरुजींच्या आईच्या हातचं जेवायला येई आणि जवळच्या पुस्तकातून गोष्टी वाचून दाखवी. थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, बाकी हातवारे.

‘शेवटचा शब्द त्याने वाचला, आशिता. मी विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, आज नाही, त्याच्या पुढचा दिवस. मी लिहिलं, सकाय. त्या रात्री तो आमच्याकडेच निजला. पहाटे माझी आई मला उठवायला आली, सकाय व्हयनी, ऊठ! तर हिराभाऊ ताडकन उठून बसला. म्हणाला, तुमचाही शब्द दोन्हीचा? त्याची आजी सकाळला आशिताच म्हणायची. तो नाचायला लागला हो. आणि मला म्हणाला, मास्तर, बाकी काहीही बदला. हा शब्द तेवढा बदलू नका.’

गुरुजींनी हजेरीपत्रकावरून हात फिरवला. ‘मी वचन दिलं आणि पाळलं. छापलेलं मात्र पाहिलं नाही. अंक शाळेच्या पत्त्यावर आला, तोवर माझी धडगावकडे बदली झाली होती. हिराभाऊलाही पाठवता आला नाही. तुमच्याकडे आहे ना तो?’

दिवाळी अंकातल्या पानांची झेरॉक्स माझ्या मांडीवरच्या फाइलीत होती. ‘बॅग तळोद्याला राहिली,’ मी म्हणाले. साफ खोटं. साठ वर्षं या माणसाला वाटत होतं की आपण शब्द पाळला. माझ्या फाइलीतलं पान त्याला सांगणार होतं की नाही पाळला गेला. मला ते जमेना.

मायंनी मला मुक्कामाला ठेवूनच घेतलं. संध्याकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती पुण्यात जपानी शिकवते. ‘बाई, आज आशिता म्हणजे उद्या,’ ती म्हणाली, ‘पण जुन्या जपानीत त्याचा अर्थ सकाळच. लेखकानं मुद्दाम चित्रलिपी टाळून साध्या अक्षरांत लिहिलं असेल तर दोन्ही अर्थ लागतात. मराठीत करणार कसं ते? अशक्य आहे.’ मी म्हटलं, झालंय, हजेरीपत्रकाच्या मागच्या बाजूला.

खापर

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी हट्टच धरला की हिराभाऊचं शेत दाखवतो. माय म्हणाल्या, ‘हाऊ मानूस घरमा ऱ्हात नही,’ आणि त्यांच्या गळ्याभोवती स्वतःची शाल गुंडाळली. गाडी ठरवली, गुरुजी पुढं बसले आणि वाटेत दिसेल त्याच्याशी बोलू लागले.

खापरला बाजार भरला होता. डोंगरातून उतरलेल्या बाया मोहाची वाळलेली फुलं, डिंक, छोटे छोटे टोमॅटो घेऊन बसलेल्या, शेजारी गुजरातकडून आलेले कपडेवाले. एका बाईकडे मी डिंक मागितला, माझ्या मराठीत. तिला ती कळली नाही. गुरुजींनी भिलीत सांगितल्यावर ती हसून बोलू लागली. मी म्हटलं, तुम्हाला किती भाषा येतात? म्हणाले, ‘पोरं घरी भिली बोलायची, मी घरी अहिराणी. शाळेतली मराठी आमच्यापैकी कुणाचीच नव्हती, म्हणून भांडण नव्हतं. सगळ्यांनाच सारखी अवघड.’

शेत गावाबाहेर, नाल्याच्या कडेला. भात कधीच कापून झाला होता. आता हरभरा होता, पण बांध तेच. मी आनंदानं ओरडलेच, कारण हरभऱ्यातून भाताच्या खुंटांच्या ओळी अजून दिसत होत्या, सुतात, सरळ. माझे वडीलही असंच दोरी लावून लावणी करायचे. गावातले लोक हसायचे, हा भात लावतोय की माळ ओवतोय? जपानी पद्धत म्हणून त्यांना फार अभिमान होता. गुरुजींना सांगितलं तर त्यांनी माझा हातच धरला. ‘मंग तू आपली घरनीच शे,’ ते म्हणाले. तेव्हापासून ते मला अगं-तुगं करू लागले आणि मला ते फार बरं वाटलं.

बांधावर बसलो. ते म्हणाले, ‘दाखव आता. बॅग तुझ्या खांद्यालाच आहे कालपासून.’

मी झेरॉक्स काढून दिली. त्यांनी भिंग काढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. घाई नाही. स्वतःचं नाव छापलेलं होतं तिथं थांबून हसले. आठही पानं वाचली. मी हरभऱ्याकडे बघत बसले. शेवटच्या पानावर बोट पोचलं आणि तिथंच राहिलं.

‘ळ लाई दिना,’ ते म्हणाले.

‘तुमची चूक समजून कुणीतरी दुरुस्त केली, गुरुजी. मी असते तर मीही केली असती.’

‘मीपण केलीच की,’ ते म्हणाले. ‘पोरं वहीत सकाय लिहायची. मी लाल शाईने खोडून सकाळ लिहायचो. शाया खोडून शाळा. चाळीस वर्षं.’ त्यांनी कानटोपी काढली, परत घातली. ‘हिराभाऊची पत्रं यायची पूर्वी. मग थांबली. त्याला मी लिहिलं होतं की शब्द जसाच्या तसा आहे. तो तसंच समजून गेला असेल.’ त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

मग मी माझा लेख काढला आणि ‘कै.’पासून ‘असावी’पर्यंतचं वाक्य त्यांच्यासमोर खोडलं. म्हटलं, ‘हजेरीपत्रकाच्या पानाचा फोटो लेखात छापायला लावीन, म्हणजे कुणाला हात लावता येणार नाही.’ त्यांनी खोडलेलं नीट बघितलं. ‘जरा जोरात खोड,’ ते म्हणाले. ‘अजून वाचता येतं.’ मी जोरात खोडलं. परतताना त्यांनी वाटेत गाडी थांबवून जिलबी घ्यायला लावली आणि घरी मायला सांगितलं की कथा छापलेली पाहिली, झकास छापली आहे. ‘ळ’चं त्यांनी रात्री जेवताना सांगितलं, आणि ते सांगताना ते हसत होते.

निघायचा दिवस

पुराव्याचं काम झालं, पण लेखाचा प्रश्न उलट वाढला. ‘सकाय’मध्ये दोन्ही आहे हे सिद्ध झालं. मग मुलगी राहते की जाते? याचं उत्तर दिल्याशिवाय लेख संपत नव्हता. निघायच्या दिवशी चुलीजवळ चहा घेताना माझी आणि गुरुजींची त्यावरून चांगलीच जुंपली. गुरुजी म्हणत होते, जाते. जोड्याचे बंद बांधून झालेत, गिरणीचा भोंगा वाट बघत नाही. डोंगरातली माणसं ऊसतोडीला, कारखान्याला कशी निघतात ते मी पाहिलंय, निघायचं म्हणजे निघायचंच. मी म्हणत होते, इंग्रजी भाषांतरकारानं मूर्खासारखं ‘उद्या’ लिहिलेलं नाही, ती राहते. हिराभाऊ काय म्हणाला होता, असं मी विचारलं. ‘त्याला मी विचारलंच नाही,’ गुरुजी म्हणाले. ‘शब्द जमल्याच्या आनंदात राहूनच गेलं.’

माय माझ्यासाठी भाकरी बांधत होत्या. त्यांनी फडक्याची गाठ मारली आणि विचारलं, ‘काय भांडी ऱ्हायनात तुम्ही दोन्हीजन?’

गुरुजींनी कथेचा शेवट त्यांना सांगितला. त्यांनी तो कधी वाचला नव्हता, त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘त्यान्हामा भांडानं काय शे? मन्ही आंडेर सुरतले शे. दिवायीले येस. मी इचारस, कव्हय जाशी वं? ती सांगस, सकाय. दुसरे दिन इचारं, तरी सकाय.’ त्या माझ्याकडे वळल्या. मला नीट कळावं म्हणून सावकाश बोलल्या. ‘सकाय म्हंजे आज नही.’

पण माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. मी म्हटलं, ‘पण माय, शेवटी ती जाते ना? तुमची मुलगीही जातेच की.’

‘मन्ही जास,’ त्या म्हणाल्या. ‘तुन्ही गोष्टमा ती गयी आसं लिखेल शे का?’

‘नाही. लिहिलेलं नाही.’

‘मंग शे ती घरमा,’ माय म्हणाल्या आणि त्यांनी भाकरीचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं.

बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. साधनांच्या यादीत सांगणाऱ्याचं नाव द्यावं लागतं, म्हणून मी वही उघडली आणि मायंना त्यांचं पूर्ण नाव विचारलं.